मऊ आहे तोवर

जर्मनीतल्या लेनबाख गावात थेक्ला पाडबर्गला नुसतं हट्टी म्हणणारे लोक तिच्या बाजूचे समजावेत. बाकीचे काय म्हणत ते लिहिण्यासारखं नाही. तिचे वडील पाटीच्या दगडाच्या खाणीत होते आणि घरात पाच भाऊ. पाच भावांच्या घरात जी मुलगी आपलं ताट राखते, ती पुढे कुणाला भीक घालत नाही.

शाळा सुटली तशी ती गावच्या फाउंड्रीत लागली. तिथे बायकांना एकच जागा, गाभेखोली. पोकळ वस्तू ओतायची तर साच्याच्या आत वाळूचा गाभा ठेवावा लागतो. ॲल्युमिनियमचा रस त्याच्याभोवती गोठतो आणि मग वाळू झटकून काढली की आत पोकळी राहते. हे गाभे बायका करायच्या. वाळूत राळ कालवायची, कडक करणारं औषध टाकायचं, तापलेल्या पेटीत ठासायचं. थेक्लाचे गाभे इतके नेटके असत की साचे करणारे पुरुष ते मागून घेत, अर्थात तिला ऐकू जाणार नाही अशा बेताने.

त्या औषधाने तिचे हात खाल्ले. आधी खाज आली, मग फोड, मग बोटांच्या पेरांवर भेगा. बटाटे सोलताना तिला ओठ चावावे लागत. रात्री ती हात मलमात बुडवून, पट्ट्या बांधून झोपे. नवरा जोसेफ लाकडाच्या वखारीत करवतीवर होता, गरीब स्वभावाचा माणूस. तो सकाळी तिच्या पट्ट्या सोडवून द्यायचा. वसंत ऋतूत डॉक्टरांनी सरळ सांगितलं, "बाई, गाभे सोडा, नाहीतर हात सोडा. दोन्ही राहायचे नाहीत."

गाभे सोडायचे म्हणजे फाउंड्री सोडायची, आणि लेनबाखमध्ये फाउंड्री सोडून बाईला काम नव्हतं. पण थेक्लाचा डोळा आधीपासून एका जागेवर होता. भट्टीशेजारी सरळ करणाऱ्याचा ओटा होता. त्यावर जाड लोखंडी पाटा, स्क्रू फिरवून दाबायचा एक हातदाब आणि लाकडी मोगऱ्या. तिथे म्हातारा एवाल्ड बसे आणि त्याचे गुडघे आता जिने चढायला नकार देत होते. त्या कामात वाळू नव्हती, राळ नव्हती, औषध नव्हतं.

हे काम काय ते सांगायला हवं. लोहार लोखंड तापवून पाण्यात घालतो तेव्हा ते कडक होतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तांबं घातलेल्या ॲल्युमिनियमची तऱ्हा उलटी. ते रात्रभर भट्टीत ठेवायचं, म्हणजे घन असतानाच त्यात तांबं विरघळतं, पाण्यात मीठ विरघळावं तसं. मग झटक्यात पाण्यात बुडवायचं. बाहेर येतं ते वाकडंतिकडं, पण मऊ. हा मऊपणा थोड्या तासांचा. नंतर ते फळीवर नुसतं पडलेलं असलं, कुणी बोटही लावलं नाही, तरी आतल्या आत कडक होत जातं. मऊ आहे तोवर मोगरीने सरळ केलं तर ठीक. उशीर झाला की मोगरी उलटून येते, आणि जोर केला की तडा जातो. तडा गेलेला तुकडा पुन्हा वितळवण्याच्या लायकीचा.

थेक्ला हुटेमान मिस्त्रींसमोर जाऊन उभी राहिली. हुटेमान फाउंड्रीचे मिस्त्री, गावच्या नेमबाज मंडळाचे कप्तान, आणि दोन्ही ठिकाणी एकाच आवाजात बोलणारे.

"एवाल्डकाकांचा ओटा मला द्या."

"त्या ओट्यावर बाई?" हुटेमान हसले नाहीत, हीच त्यांची सभ्यता. "मोगरी म्हणजे लाटणं नव्हे, थेक्ला."

"लाटणं कसं धरतात ते तुम्हाला ठाऊक आहे का, मिस्त्री? मग मोगरीचं मला ठाऊक नसेल असं कशावरून?"

एवाल्ड कोपऱ्यातून खोकला. तो बरेच दिवस दुपारच्या सुट्टीत तिला जवळ बसवून शिकवत होता आणि मिस्त्रींनी ते पाहूनही न पाहिल्यासारखं केलं होतं. अखेर हुटेमान म्हणाले, "आगीच्या बंबाच्या शिडीचे सोळा ब्रॅकेट ओतून पडलेत. तांब्याचा माल आहे, नवा. उत्सव झाला की मंगळवारी सकाळी पाण्यात घालू. तू एकटी सरळ कर. बुधवारी गिऱ्हाइकाचा तपासनीस येतोय. सोळापैकी एक जरी तडकला, तरी तू परत गाभ्यांवर. कबूल?"

"कबूल," थेक्ला म्हणाली. परत गाभ्यांवर जायचं नाही, हे तिने तेव्हाच मनाशी ठरवलं होतं. ते मिस्त्रींना सांगायची गरज नव्हती.

आता उत्सवाचं. लेनबाखमध्ये वर्षाचे दिवस नेमबाजांच्या उत्सवापासून मोजतात, नाताळ आपला मध्ये येतो. जुलैतल्या शनिवारी सुरुवात, रविवारी मोठी मिरवणूक, सोमवारी सकाळी खांबावरचा लाकडी पक्षी. गावचे पुरुष पाळीपाळीने त्या पक्ष्यावर गोळ्या झाडतात आणि ज्याच्या गोळीने शेवटचा तुकडा पडतो तो वर्षभराचा राजा. त्याची बायको राणी. राजा व्हायची हौस सगळ्यांना असते आणि तयारी कुणाचीच नसते, म्हणून पक्षी हलायला लागला की निम्मे लोक मुद्दाम आभाळात नेम धरतात. या तीन दिवसांत गावात एक खिळासुद्धा ठोकला जात नाही.

शनिवारी दुपारी चर्चपुढच्या चौकात पथक जमत होतं. थेक्ला ठेवणीतले कपडे घालून उभी होती. भट्टीवाला आलोइस बिअरचा पेला घेऊन तिच्याजवळ आला. त्याचा चेहरा देणगी दिल्यासारखा खुलला होता.

"थेक्ला, तुझं काम सोपं करून ठेवलंय बघ! मिस्त्री विसरले, पण मंगळवारी गवंडी येणार भट्टीच्या विटा बदलायला, मग तुझे ब्रॅकेट लांबले असते दोन आठवडे. म्हणून म्हटलं, आपली थेक्ला कशाला ताटकळेल? काल रात्री चढवले, आज सकाळी पाण्यात घातले. सोळाही! मंगळवारी ये आणि आरामात ठोक."

थेक्लाने वळून त्याच्याकडे बघितलं. "आज सकाळी?"

"न्याहारीच्या आधी."

आलोइसचा जन्म सिलिकॉन घातलेल्या ॲल्युमिनियमच्या मालावर गेला होता. तो माल पाण्यातून काढून दोन दिवस पडला तरी सरळ करून घेता येतो, रुसत नाही. त्याने प्रेमाने केलं होतं, आणि प्रेमाने केलेल्या घोटाळ्याला शिवीही देता येत नाही. थेक्लाने तरी एक दिली.

"अगं, पण झालं काय?"

"मंगळवारपर्यंत ते दगड होतील, आलोइस! पुन्हा तापवायला भट्टी पेटलेली आहे का?"

"विझवली ना. गवंड्यासाठी." आलोइसचा पेला हळूहळू खाली आला.

फाउंड्रीच्या फाटकाला कुलूप होतं आणि किल्ली हुटेमानांच्या घरी खुंटीवर. हुटेमान मात्र पिसांची टोपी घालून, कमरेला तलवार लावून पथकाच्या पुढे उभे. बँड सुरू झाला आणि रांगा चालू लागल्या. कप्तानाने रांग सोडायची नाही हा नियम गावाच्या चर्चइतका जुना. थेक्लाने तो मोडला नाही. ती रस्त्यात उतरली आणि त्यांच्या शेजारून चालू लागली, पायाला पाय लावून.

"मिस्त्री, किल्ली."

"बाजूला हो. लोक बघतायत." हुटेमान समोर बघतच म्हणाले.

"बघू देत. आलोइसने माल आज सकाळी पाण्यात घातला."

त्यांची एक टाच चुकली. कप्तानाची टाच चुकलेली गावाने त्याआधी कधी पाहिली नव्हती. "कुणाला विचारून?"

"तुम्हाला तर नाहीच. किल्ली द्यायला तुमच्या मंडळींना सांगा."

"आज उत्सव आहे, थेक्ला. बुधवारी तपासनिसाला मी सांगेन, थांबायला लावेन..."

"आणि तोवर मी गाभ्यांवर? हे बघा." तिने हातमोजा काढून बोटं त्यांच्या डोळ्यांपुढे धरली. मागच्या दुसऱ्या रांगेत जोसेफ लाजेने टोपीत शिरला होता.

हुटेमानांनी टाच पुन्हा बँडच्या तालाला मिळवली. मग ओठ न हलवता म्हणाले, "माझ्या बायकोला सांग, मी म्हटलंय. पण शर्त तीच. आलोइसची चूक हे तुझं कारण होणार नाही."

"मी कारण मागितलंच नाही," थेक्ला म्हणाली आणि गल्लीत वळली.

ब्रॅकेट जाळीच्या टोपलीत पडले होते, हाताएवढे लांब, आतून पोकळ, एका टोकाला जाड गाठ. ओतताना त्या गाठीजवळ साच्यात लोखंडाचा तुकडा ठेवत, म्हणजे तिथला रस झटकन गोठून धातूचा दाणा बारीक पडे आणि गाठ मजबूत होई. पातळ बाजूंनी मात्र पाण्यात पडताना अंग वळवलं होतं. थेक्लाने एक उचलून मोगरीने टकटकवलं. अजून मऊ होतं. पण सोळा करायला संध्याकाळ पुरणार नव्हती, हे तिला कळत होतं.

तेव्हा तिला एवाल्डची एक गोष्ट आठवली. लढाईच्या काळात तो विमानाच्या कारखान्यात होता. तिथे याच जातीच्या धातूचे रिव्हेट पाण्यातून काढले की बर्फाच्या पेटीत ठेवत. गारठ्यात धातूला कडक व्हायचं सुचत नाही, असं एवाल्ड म्हणे. गावात एवढा गारठा एकाच ठिकाणी होता, क्लेमेन्स खाटकाच्या गोठणकोठारात.

तिने पाच ब्रॅकेट ओट्यावर ठेवले, अकरा हातगाडीत घातले आणि क्लेमेन्सच्या मागच्या दारी गेली. क्लेमेन्स उत्सवाच्या सॉसेजांच्या माळा मोजत होता.

"हे काय आणलंस?"

"तुझ्या कोठारात ठेवायचेत. सोमवारपर्यंत."

"थेक्ला, उन्हात फिरू नकोस, डोक्यावर परिणाम होतो. आत तीन गावांचं सॉसेज आहे!"

"मग ते दाटीवाटीने बसव. सॉसेजाला काय, शेजाऱ्याचं कोपर लागतं का?"

"आणि मांसाला धातूचा वास लागला तर? नेमबाज मंडळ मला खांबावर बांधेल, पक्ष्याच्या जागी."

"धुऊन, पुसून, चादरीत गुंडाळून देते. माझ्या लग्नातली चादर आहे." तिने बोलता बोलता गाडी उंबऱ्यावरून आत ढकललीच होती. "क्लेमेन्स, तू नाही म्हणालास तर मी जाते. पण आधी हे हात बघ, आणि मग नाही म्हण."

क्लेमेन्सने बघितलं. त्याने आयुष्यभर मांस कापलं होतं, तरी तो नजर वळवून म्हणाला, "खालच्या फळीवर. आणि कुणाला बोललीस तर बघ."

त्या संध्याकाळी गावात नाच चालला होता आणि फाउंड्रीत थेक्ला एकटी ठोकत होती. तिची एक गोष्ट त्या ओट्यावर आधी बसलेल्या कुणाजवळ नव्हती. या ब्रॅकेटांचे गाभे तिनेच केले होते. आत कुठे भिंत जाड, कुठे पातळ, कुठे गाभा दोन बोटं वळला आहे, हे तिला डोळे मिटूनही दिसे. जाड गाठीवर ती मोगरी उगारतच नव्हती. पातळ बाजूला शिशाची पट्टी खाली ठेवून ती थोडं थोडं ठोकी, पोलादी पट्टी लावून बघे, परत ठोकी. मोगरीची मूठ भेगांत घुसत होती. पाचवा ब्रॅकेट संपता संपता ठोका कोरडा यायला लागला, तेव्हा तिने तो जोराने नव्हे, हातदाबात धरून अगदी सावकाश सरळ केला. पाचही शाबूत.

रविवारी तिने मोगरीला हात लावला नाही. रविवारी ठोकठोक ऐकू आली असती तर पाद्रीबाबांनी तिला वाळीत टाकलं असतं, आणि खरं म्हणजे तिला स्वतःलाच ते पटलं नसतं. ती मिरवणुकीत गेली, प्रार्थना केली, आणि प्रार्थनेत देवाकडे क्लेमेन्सच्या कोठाराची वीज मागितली. जोसेफने विचारलं, "आता बरं वाटतंय का?" ती म्हणाली, "उद्या सांगते. आणि तू उद्या पक्ष्याला लावू नकोस, मला वेळ नाहीये."

"वेडी का काय! मी ढगात मारणार," जोसेफ म्हणाला.

सोमवारी उजाडताच तिने ब्रॅकेट दोन-दोन करून कोठारातून आणायला सुरुवात केली. पहिला हातात घेतला तेव्हा तो गोठून पांढरा झाला होता. तिने तो उबेला ठेवला, दव पुसलं आणि हलकेच ठोका दिला. मोगरी आत बसली. धातू शनिवारी दुपारी होता तसाच मऊ! थेक्ला एकटीच मोठ्याने हसली.

एकामागून एक निघत गेले. लांब कुरणावर बंदुका वाजत होत्या आणि तिचा हात आता लयीत आला होता. शेवटचे तीन तिने एकदमच आणले, कारण क्लेमेन्सला पक्षी बघायला जायचं होतं आणि तो कोठार बंद करून निघाला. तेवढ्यात बंदुका थांबल्या. मग आरोळी उठली, अख्ख्या खोऱ्यात घुमणारी, आणि बँड.

थोड्या वेळाने आलोइस धापा टाकत दारात. "थेक्ला! जोसेफ! जोसेफ राजा झाला!"

मोगरी हवेत होती, ती तिने तशीच खाली ठेवली. "काय?"

"आईशप्पथ ढगात मारत होता तो! पण डावा पंख आधीच लोंबत होता, त्याला चाटून गेली गोळी आणि सगळंच खाली आलं. रडकुंडीला आलाय बिचारा. चल, तू राणी आहेस! पोशाख आणलाय, बँड येतोय, सगळं गाव येतंय!"

थेक्लाने ओट्यावर बघितलं. तीन उरले होते. ऊब लागलेली, म्हणजे त्यांचं घड्याळ पुन्हा चालू झालेलं, आणि कोठाराला कुलूप. नाचून येईतो ते हातचे गेले असते.

"जोसेफला सांग, दुसरी राणी शोध."

"अगं, असं कधी झालंय का? बायको असताना?"

"मग थांब म्हणावं. आलोइस, माझ्या उजेडातून बाजूला हो."

तिला वाईट वाटलं नाही असं नाही. लेनबाखच्या मुलीने राणीचा पोशाख स्वप्नात घातलेला असतोच, थेक्लानेही घातला होता. तिचे डोळे भरून आले. ते तिने बाहीने पुसले, कारण डोळे भरलेले असले की पट्टीखालची फट दिसत नाही.

बँड अंगणात येऊन पोचला तेव्हा एक झाला होता आणि दोन बाकी होते. आरोळ्या, शिट्ट्या, "राणी कुठंय, राणी कुठंय!" हुटेमान मिस्त्री हाक मारायला म्हणून आत आले, पिसांची टोपी, तलवार, सगळ्यासकट. थेक्लाने मान वर केली नाही. ती पातळ बाजू चार बोटांनी चाचपत होती. तिने तिथे मोगरी लावायला उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. जागा बदलली. मग मारलं, हलकंच. हुटेमान कानाने ऐकत होते. त्यांना तो ठोका कळत होता, त्यांनी तीस वर्षं दुसऱ्यांचे ऐकले होते.

ते मागे फिरले, दारात उभे राहिले आणि कप्तानाच्या आवाजात ओरडले, "बँड बंद! राणी कामात आहे!"

बँडवाल्यांनी वाद्यं खाली घेतली. टोप्या घातलेले ते सगळे पुरुष, झालरीचे झगे घातलेल्या बायका, मध्ये गळ्यात चांदीची साखळी घालून घाबरलेला जोसेफ, सगळे उन्हात उभे राहिले आणि आतली मोगरी ऐकत राहिले. कुणी हसलं की हुटेमान नुसतं वळून बघत. शेवटच्या ब्रॅकेटला फार वेळ लागला. तो कडक व्हायला लागला होता. ठोके थांबले आणि हातदाबाच्या स्क्रूची बारीक करकर ऐकू आली, थांबत, पुन्हा, थांबत. बाहेर बिअर घेऊन आलेला क्लेमेन्स पुटपुटत होता, "तडकू नको रे बाबा, तडकू नको."

नाही तडकला. हुटेमानांनी तलवार काढून भिंतीला टेकवली आणि सोळाही ब्रॅकेट स्वतः तपासले. एकेकाला बोटाने टिचकी मारून कानाशी धरलं, पट्टी लावली, उजेडाकडे केलं. मग रुमालाने मान पुसत म्हणाले, "तपासनीस बुधवारी येईल ते त्याचं काम. माझ्यापुरतं झालं. गुरुवारी सहाला ये. या ओट्यावर."

"आणि गाभ्यांवर?"

"गाभ्यांवर दुसरं कुणी बघू. पण त्या औषधाचं मालकांशी बोलायला हवं. पुढच्या बाईचे हातही तिचेच असतात." एवढं बोलून त्यांनाच अवघडल्यासारखं झालं. "आता चल, बाई. बाहेर माणसं भाजतायत."

राणी त्या वर्षी कामाच्या एप्रनवरच पोशाख चढवून, खालून एप्रन लोंबत असतानाच चालली, कारण मागची गाठ सुटेना आणि वाट बघायला कुणी तयार नव्हतं. गावातल्या काही बायकांनी ते पुढे बरीच वर्षं बोलून दाखवलं. थेक्लाही पुढे बरीच वर्षं, पेन्शन मिळेपर्यंत, त्याच ओट्यावर बसली.

नाताळच्या आधीची एक सकाळ मात्र सांगायची राहिली. जोसेफ सवयीने पट्ट्या सोडवायला आला, तर थेक्ला बिछान्यात नव्हती. ती स्वयंपाकघरात पीठ मळत होती, उघड्या हातांनी, कोपरापर्यंत. त्या घरात लग्नानंतर पीठ नेहमी जोसेफनेच मळलं होतं. तिच्या बोटांवर नवी गुलाबी कातडी आली होती आणि पीठ कुठेच झोंबत नव्हतं. जोसेफ दारात उभा राहून बघत राहिला.

"काय बघतोस?" थेक्ला म्हणाली. "मीठ दे."

त्याने मीठ दिलं, आणि मग तिथेच स्टुलावर बसून तो माणूस हुंदके देऊन रडला. थेक्ला मळतच राहिली.